खानदेशच्या उन्हात रगेड लॅपटॉप: कोणता घ्यावा आणि तो कशाने खराब होतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सर्वेक्षणाच्या कामात नवीन आहात. उन्हाळ्यात साक्री-दोंडाईचा भागात सौर प्रकल्पांच्या जमिनीची मोजणी, पावसाळ्याच्या आगेमागे रावेर-यावलला केळीबागांचं ड्रोन सर्वेक्षण आणि अधूनमधून धडगावकडच्या पाड्यांवर पाणलोटाचं काम. सोबतचा साधा लॅपटॉप दुसऱ्याच उन्हाळ्यात बंद पडला. आता एक विक्रेता 'मिलिटरी ग्रेड' लिहिलेला लॅपटॉप ९० हजारांत देतोय, आणि दुसरीकडे परदेशातून आलेला जुना टफबुक, म्हणजे पॅनासॉनिकचा रगेड (ऊन, धूळ, धक्के सोसायला मजबूत बांधलेला) लॅपटॉप, त्याच्या निम्म्यात मिळतोय. दोन्हींपैकी दहा वर्षं कोणता टिकेल, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बरीच वर्षं मोजणीची आणि टोपो सर्व्हेची (जमिनीच्या चढ-उतारांच्या नकाशाची) कामं करतो. त्या अनुभवावरून सांगतो, भाऊ, 'किती वर्षं टिकेल' याच्या आधी 'कशापासून टिकायला हवा' हे ठरवा. लॅपटॉप पडून फुटणं, पाण्याने जाणं, धुळीने गुदमरणं, उन्हाने बॅटरी फुगणं, चार्जिंगचं सॉकेट ढिलं होणं, ही सगळी वेगवेगळी मरणं आहेत. एकापासून वाचवणारी बांधणी दुसऱ्यापासून वाचवेलच असं नाही. विक्रेते सगळ्यात जास्त बोलतात ते पडण्याबद्दल. आपल्याकडे मात्र पडून फुटलेले लॅपटॉप मी त्या मानाने कमीच पाहिले. उष्णता, धूळ आणि चार्जिंग यांनी गेलेले कितीतरी जास्त.

आधी त्या 'मिलिटरी ग्रेड' स्टिकरबद्दल. त्यावर बहुतेक वेळा एमआयएल-एसटीडी-८१० असं लिहिलेलं असतं, पुढे जी किंवा एच. ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची चाचणीपद्धतींची संहिता आहे. 'जी' आवृत्ती २००८ ची आणि 'एच' २०१९ ची. तिच्यात उष्णता, थंडी, पाऊस, धूळ, कंपन, धक्का अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी पद्धत दिलेली आहे. पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि किती कडक घ्यायच्या, हे बनवणारी कंपनी ठरवते. लॅपटॉप तपासून शिक्का मारणारी सरकारी संस्था तिच्यामागे नाही. त्यामुळे कोणी टेबलाच्या उंचीवरून पाडून बघितलेल्या मशीनवर हे नाव लावतो, आणि कोणी सगळ्या चाचण्या कडकपणे घेऊन तेच नाव लावतो. दोघंही खोटं बोलत नसतात, पण दोन्ही मशीनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पडण्याची चाचणी घ्या. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून २६ वेळा, १२२ सेंटिमीटरवरून मशीन पाडतात, आणि खाली काँक्रीटवर प्लायवूड अंथरलेलं असतं. या २६ आपटण्या पाच नगांमध्ये वाटून घ्यायचीही मुभा आहे. म्हणजे एकाच लॅपटॉपने २६ वेळा आपटून घेतलंय असं समजू नका. उष्णतेच्या चाचणीतही नुसतं साठवून ठेवण्याची चाचणी वेगळी आणि चालू ठेवून काम करण्याची वेगळी. फक्त पहिली घेतली असली तरी जाहिरातीत 'उष्णता चाचणी उत्तीर्ण' असं येऊ शकतं. म्हणून विक्रेत्याला एवढंच विचारा: कोणत्या चाचण्या, किती तापमानाला, मशीन चालू असताना की बंद? याचं लेखी उत्तर मिळत नसेल, तर त्या स्टिकरसाठी जादा पैसे मोजू नका.

दुसरी खूण आयपीच्या आकड्याची, म्हणजे मशीन धूळ आणि पाणी किती रोखतं ते सांगणाऱ्या दर्जाची. तो मला जास्त उपयोगी वाटतो, कारण त्याचा अर्थ ठरलेला आहे. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५३ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम बिघडत नाही आणि तिरपे पाण्याचे फवारे सोसतात. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि पाण्याची धारही चालते. मात्र ही चाचणी नव्या मशीनवर, पोर्टांची सगळी झाकणं बंद ठेवून होते. तुम्ही रोव्हरची (बिंदू मोजणाऱ्या उपग्रह रिसीव्हरची) केबल लावायला एक झाकण उघडलं की त्या बाजूपुरता तो आकडा उरत नाही.

आता उष्णता, कारण आपला खरा प्रश्न हाच आहे. साध्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालू वापराची मर्यादा बहुधा ३५ अंश सेल्सिअस लिहिलेली असते, काहींची ४०. भुसावळ-जळगावला एप्रिलच्या शेवटापासून सावलीतलंच तापमान ४३-४५ वर जातं. म्हणजे झाडाखाली बसलात तरी तुम्ही मर्यादेबाहेर आहात. उन्हात काळ्या रंगाचं झाकण आणखी किती तापतं ते हात लावला की कळतं. मशीन लगेच मरत नाही. आतला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि घरी वीस मिनिटांत होणारं काम तासभर रेंगाळतं. पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो, तापलेली आणि धुळीची हवाच आत ओढत राहतो. स्क्रीनवर काळे डाग दिसले तर घाबरू नका. एलसीडीतला द्रव फार तापला की असं होतं आणि मशीन निवल्यावर ते बहुतेक जातात. पण तुम्ही हद्द ओलांडली आहे याची ती सूचना समजा आणि मशीन तिथेच बंद करा.

पूर्ण रगेड लॅपटॉपांच्या काही मॉडेलांवर उणे २९ ते ६३ अंश अशी मर्यादा छापलेली असते. ती खरी असते आणि आपल्या उन्हाळ्याला पुरून उरते. तरी तिथेही तळटीप वाचा. बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा याहून बरीच कमी असते. लिथियम-आयन बॅटरीचे सेल साधारण ४५ अंशांच्या वर तापले की बरीच मशीनं चार्जिंग थांबवतात. बरेच जण मला सांगतात, 'चार्जर लावलाय तरी टक्के वाढत नाहीत, बोर्ड गेला वाटतं.' बोर्ड गेलेला नसतो. मशीन सावलीत न्या, बंद करा, अर्धा तास थांबा आणि मग चार्जर लावा.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे उन्हात उभी केलेली बंद गाडी. बाहेर ४३-४४ असताना काचा बंद असलेल्या बोलेरोत ६० च्या पुढे जातं. सकाळचं काम आटोपून माणसं जेवायला बसतात आणि पूर्ण चार्ज झालेला लॅपटॉप दोन तास मागच्या सीटवर पडून राहतो. जास्त उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडी बॅटरीला सगळ्यात लवकर म्हातारी करते. आधी टिकण्याचा वेळ कमी होतो, मग बॅटरी फुगते आणि खालून टचपॅड उचलतो. टचपॅडचं बटण दाबायला घट्ट लागलं किंवा कीबोर्डचा मधला भाग वर आलेला दिसला, तर त्या दिवसापासून मशीन वापरू नका, चार्जर लावू नका, बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबून बसवायला जाणं धोक्याचं आहे. ती पेट घेऊ शकते.

यावर माझा साधा नेम आहे. मशीनमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर उन्हाळाभर ती चालू ठेवतो. जेवायला बसताना लॅपटॉपची बॅग सोबत आत नेतो. कोणत्याही गावात ओसरीवर बॅग ठेवायला कोणी नाही म्हणत नाही. शेतात मोठी छत्री आणि पांढरं कापड सोबत असतं. आणि गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडायला मी सोबतच्या पोरांना सक्त मनाई केलेली आहे. खालून इंजिनची उष्णता आणि वरून ऊन, मध्ये बिचारं मशीन.

धुळीबद्दल आपल्या भागाचं एक वेगळेपण लक्षात घ्या. आयपीची धूळ-चाचणी बारीक टाल्कच्या भुकटीने घेतात. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ तर आहेच, वर कापसाचे तंतू आहेत. जिनिंगच्या आवारात किंवा वेचणी चालू असलेल्या शेताच्या कडेला काम केलं की हे तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि पंख्याच्या तोंडाशी, उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर बसतात. त्यांच्यावर धूळ चिकटते आणि हळूहळू नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून मशीन स्वच्छ दिसतं, आत हवेची वाटच बंद झालेली असते. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथला वारा दिवसभर माती उडवतो. पंखा असलेला लॅपटॉप वापरणार असाल तर दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा, अशी वर्षातून दोनदा आतून सफाई करून घ्या. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरायला सांगा. नाहीतर ते बेफाम फिरतं आणि बेअरिंग जातं. पंखा नसलेलं, किंवा पंखा सर्किटपासून वेगळ्या बंद कप्प्यात असलेलं रगेड मॉडेल इथे खरोखर पैसे वसूल करून देतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. आपल्या भागात पावसात उभं राहून लॅपटॉप चालवायची वेळ क्वचित येते. त्याहून त्रास होतो तो दवाचा आणि घामाचा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसी खोलीतून मशीन बाहेर आणलं तरी काही होत नाही. ऑगस्टमध्ये मात्र एसीत थंड झालेला लॅपटॉप केळीच्या बागेत एकदम उघडला की थंड काचेच्या ग्लासाबाहेर धरतात तसे पाण्याचे कण आतल्या बोर्डावरही धरू शकतात. बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग उघडा. बागेत ठिबकच्या नळीशेजारी मशीन ठेवू नका. त्या पाण्यातून बरेचदा खत सोडलेलं असतं, आणि खताचं पाणी पोर्टाच्या पितळी पट्ट्या खातं. घामाचंही तेच.

कंपन आणि वाहतूक हा पुढचा मुद्दा, आणि यात रगेड-साधा फरकापेक्षा सवयीचा फरक मोठा आहे. धडगाव-मोलगीकडे शेवटचा टप्पा मोटारसायकलनेच होतो. लॅपटॉप मागच्या कॅरिअरला बांधला तर चाकाचा प्रत्येक दणका थेट त्याला बसतो. पाठीवरच्या बॅगेत असला तर तुमचं शरीर तो दणका झेलतं. बॅग पाठीवरच घ्या, पट्टा छातीला आवळा, आणि बॅगेत लॅपटॉपला चिकटून चार्जरचा ठोकळा ठेवू नका. स्क्रीन बहुतेक याच ठोकळ्याने तडकतो. जुनी फिरती हार्डडिस्क असलेलं मशीन असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवून घ्या. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे धक्क्याची अर्धी भीती तिथेच संपते. बिजागरीचे आणि तळाचे स्क्रू दर महिन्याला तपासा, कंपनाने ते सुटतात.

चार्जिंगचं सॉकेट हा तर कुठल्याही लॅपटॉपचा दुखरा भाग. शेतातल्या मोटारीच्या पेटीतून, छोट्या जनरेटरवरून किंवा आर्थिंग नसलेल्या घरातून चार्ज करायची वेळ येते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाब तो सोसतो. एकदम येणारा जादा दाब मात्र मारतो. थ्री-फेज पेटीतून अंदाजाने तार ओढून चार्जर लावणं तर अजिबात नको. तिथे न्यूट्रल सुटला की ४०० च्या आसपास व्होल्ट येतात. गाडीतून चार्ज करायचं तर स्वस्त इन्व्हर्टर लावून पुन्हा घरगुती चार्जर जोडण्यापेक्षा त्या लॅपटॉपसाठीचा थेट १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, आणि गाडी सुरू करताना तो काढून ठेवा.

इथवर जे सांगितलं त्यातून एक गोष्ट दिसते. रगेड बांधणी तुम्हाला धूळ, पाऊस, पडणं आणि चालू असतानाची उष्णता यांत खरी मदत करते. बॅटरीचं म्हातारपण, सॉकेट, चुकीची वीज आणि डेटा जाणं, या बाबतीत तिचा उपयोग थोडाच.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे येतो.

जुना टफबुक. पॅनासॉनिक ही मशीनं १९९६ पासून बनवतं आणि बांधणीबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाजारात जास्त दिसतं ते सीएफ-३१ मॉडेल. त्याची शेवटची आवृत्तीसुद्धा इंटेलच्या पाचव्या पिढीच्या प्रोसेसरवर आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शरीर धडधाकट आणि आतलं यंत्र थकलेलं, अशी त्याची अवस्था आहे. ड्रोनच्या शेकडो फोटोंची प्रक्रिया त्यावर होणार नाही. शिवाय पोर्टांच्या झाकणांचं रबर इतक्या वर्षांत कडक झालेलं असतं, म्हणजे आयपीचा मूळ आकडाही आता धरता येत नाही. रोव्हरचा किंवा रेझिस्टिव्हिटी मीटरचा (भूजल शोधताना जमिनीचा विद्युत रोध मोजणाऱ्या उपकरणाचा) डेटा उतरवून घेण्यापुरतं, इंटरनेटला न जोडता वापरायचं असेल तर ते चालेल. मुख्य मशीन म्हणून नको.

९० हजारांचा 'मिलिटरी ग्रेड'. या किमतीत नवा पूर्ण रगेड लॅपटॉप येत नाही. त्यांची किंमत याच्या दुपटीपेक्षा खूप पुढे असते. तुम्हाला दाखवलेला बहुधा चांगल्या बांधणीचा ऑफिस लॅपटॉप असावा. तो वाईट नाही. पण त्याच्या स्क्रीनचा उजेड किती ते बघा. साधारण लॅपटॉप २५०-३०० निट्सचा असतो (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). उन्हात वाचायला हजाराच्या आसपास लागतात, आणि चांगल्या रगेड मॉडेलांत तेवढे मिळतात. स्क्रीनच दिसत नसेल तर बाकीची मजबुती शेतात कामी येत नाही. आणि उजेड वाढवला की बॅटरी झपाट्याने उतरते, हेही हिशोबात धरा.

तुमच्या कामाकडे बघून माझा सल्ला असा: लॅपटॉप शेतात नेण्याची गरजच कमी करा. रोव्हर तर कंट्रोलर किंवा मोबाईलवर चालतो. ड्रोनचं उड्डाणही त्याच्या कंट्रोलरवरून होतं. शेतात तुम्हाला लागतं ते गट नंबरचा नकाशा बघणं, बिंदू तपासणं आणि डेटाची एक प्रत काढणं. एवढं आयपी ६५ किंवा त्याहून वरचा रगेड अँड्रॉइड टॅब्लेट करतो, आणि तो रगेड लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मग ९० हजारांतला मोठा भाग चांगला प्रोसेसर, जास्त रॅम आणि बदलता येणारी एसएसडी असलेल्या ऑफिस श्रेणीच्या लॅपटॉपवर घाला. तो मुक्कामाच्या खोलीत राहील आणि रात्री डेटा त्याच्यावर जाईल. मी स्वतः हीच पद्धत वापरतो.

हे कोणाला लागू नाही, तेही सांगतो. जो दिवसभर शेतातच लॅपटॉप उघडून बसतो, त्याचं गणित वेगळं. भूजल सर्वेक्षणात इलेक्ट्रोडचं रीडिंग जागेवरच आलेखाच्या वक्रावर बसवून बघणारा, किंवा लॅपटॉपशिवाय न चालणारं उपकरण वापरणारा. त्याने पूर्ण रगेडच घ्यावा, आणि चालू असताना बदलता येणाऱ्या दोन बॅटऱ्यांचा घ्यावा. ज्याचं काम गाडीपासून फार लांब जात नाही त्याला आयपी ५३ चा सेमी-रगेड, म्हणजे मधल्या मजबुतीचा, पुरतो. तुम्हाला पुढे मोठं कंत्राट मिळालं आणि दिवसभराचं शेतातलं काम वाढलं, तर तेव्हा बघा.

कोणतंही मशीन घ्या, डेटा त्याच्या भरवशावर ठेवू नका. रोव्हरमधला कच्चा डेटा आणि ड्रोनचं कार्ड दोन ठिकाणी उतरल्याशिवाय पुसायचं नाही. वरच्या पाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून क्लाउडवर विसंबू नका. एक पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता खिशात ठेवा. लॅपटॉप बदलता येतो, पण कापणी झाल्यावर किंवा पाणी भरल्यावर तीच जमीन पुन्हा तशी मोजता येत नाही.

रगेड घ्यायचाच झाला तर दुकानात एवढं करा. प्रत्येक पोर्टाचं झाकण उघडून बंद करा. रबर मऊ आहे का आणि कडेला माती अडकली आहे का ते बघा. ही पट्टी कुकरच्या रिंगसारखीच, कडक झाली किंवा कण अडकला की बंद दिसूनही बंद नसते. ती वेगळी बदलून मिळते का विचारा. बाहेर उन्हात नेऊन स्क्रीन वाचून बघा. बॅटरीची उरलेली क्षमता मशीनमध्येच दिसते, ती तपासा. वॉरंटीत अपघाती नुकसान धरलंय का, आणि तुमच्या पिनकोडवर माणूस येतो की मशीन मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं, हे बिलावर लिहून घ्या. रगेड मशीनचे सुटे भाग गावातल्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे हंगामात दोन-तीन आठवडे ते दुरुस्तीत अडकून पडू शकतं.

विक्रेत्याने दाखवलेल्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि तुमचं ड्रोन एका दिवसात साधारण किती फोटो काढतं, हे दोन तपशील लिहा. म्हणजे प्रोसेसर आणि रॅम किती लागेल ते नेमकं सांगता येईल.